बटण दाबलं, पण ऐकलं कोणी? लॅपटॉपच्या पॉवर बटणाचा इतिहास

पलूसमध्ये बसून पॉवर बटणाच्या इतिहासावर बोलायचं, तर सुरुवात लॅपटॉपपासून करायची गरज नाही. विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरपासून करू. दोन बटणं, एक हिरवं, एक लाल. हिरवं दाबून आपण बोट काढून घेतो, तरी मोटर चालूच राहते. कशी? बोटाचं काम कॉइलला करंट मिळवून देण्यापुरतं असतं. पुढे संपर्क ओढून धरते ती कॉइल. लाईट गेली की कॉइल सुटते, आणि लाईट परत आली तरी मोटर आपणहून सुरू होत नाही. म्हणजे बटण हा नुसता निरोप आहे. तो ऐकून काम करणारा दुसराच कोणीतरी असतो.

याच तालुक्यात, किर्लोस्करवाडीला, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभा केला. आधी नांगर, पुढे पंप. त्यामुळे ही गोष्ट इथे कोणाला फार समजावून सांगावी लागत नाही. रात्रीच्या लाईटीला शेतात जायला नको म्हणून लोकांनी स्टार्टरला 'ऑटो' बसवले. लाईट आली की ऑटो आपणच हिरवं बटण दाबल्यासारखं करतो. मग एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपी जळते. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगत आलंय ते याचसाठी. निरोप एक, पण तो द्यायचा अधिकार बोटाचा की ऑटोचा, हा प्रश्न लक्षात ठेवा. लॅपटॉपमध्ये तोच परत येणार आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीला उजव्या बाजूला मागे मोठा लाल खटका होता. तो खाली केला की वीज तुटायची, बस्स. यंत्राला विचारणं नाही, सांगणं नाही. विंडोज ९५ च्या काळातला काळा पडदा आणि त्यावरची 'आता संगणक बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची नारिंगी अक्षरं अनेकांना आठवत असतील. सॉफ्टवेअर आपलं काम आवरायचं आणि शेवटचा खटका माणसासाठी ठेवायचं. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश टू मध्ये १९८७ सालीच कीबोर्डवर पॉवरची कळ होती, पण पीसीच्या जगात ती सोय यायला बराच वेळ लागला.

बदल झाला १९९५ मध्ये. इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली. तिच्यात संगणक 'बंद' असतानाही पाच व्होल्टचा एक बारीक पुरवठा सुरूच राहतो, आणि पुढचं बटण वीज तोडत नाही, मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जोडतं. म्हणजे आपल्या स्टार्टरचं हिरवं बटणच झालं! डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केलं. त्याआधीच्या एपीएममध्ये झोप आणि जाग यांचा कारभार मुख्यतः बायोसच्या हाती होता. एसीपीआयने तो ऑपरेटिंग सिस्टमकडे दिला. बटण दाबलं की फर्मवेअर फक्त कळवणार, काय करायचं ते सिस्टम ठरवणार. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात मोठी घटना हीच, आणि तिची बातमी वापरणाऱ्याला कोणी दिली नाही.

लिनक्समध्ये हा निरोप ऐकायला सुरुवातीला एसीपीआय-डी नावाचा छोटा सेवक असायचा. बटणाची खबर आली की तो एक स्क्रिप्ट चालवायचा, त्यात बहुधा 'बंद कर' एवढंच लिहिलेलं. साधं, आणि कोणालाही उघडून वाचता येण्यासारखं. मग २००५ च्या सुमारास डेस्कटॉपवाले पुढे आले. ग्नोमचा पॉवर मॅनेजर म्हणू लागला की माणूस पडद्यासमोर बसलाय, त्याची फाईल उघडी आहे, तेव्हा बटणाचं मला विचारा. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण आता एका बटणाला दोन कान झाले.

२०१० मध्ये सिस्टम-डी आलं, पाठोपाठ त्याचा लॉगिन-डी हा भाग, आणि बटण, झाकण, झोप यांचा कारभार त्याच्याकडे गेला. २०१५ च्या एप्रिलमध्ये डेबियन ८ आणि उबंटू १५.०४ या दोन्हींनी सिस्टम-डी हा मूळ पर्याय केला. लॉगिन-डीचा मूळ नियम असा: पॉवर बटण दाबलं, तर यंत्र बंद. पण डेस्कटॉप त्याच्याकडे एक प्रकारची हरकत नोंदवू शकतो, की मी जागा आहे, बटण मी बघतो. हरकत नोंदलेली असेल तर लॉगिन-डी गप्प बसतो. ग्नोमने आपल्यापुरता मूळ पर्याय ठेवला तो झोपवण्याचा. आधीही, २०११ च्या ग्नोम ३ मध्ये, मेनूत झोप समोर दिसायची आणि 'बंद करा' हा पर्याय ऑल्टची कळ दाबल्याशिवाय दिसत नसे. त्यावर इतकी बोंब झाली की पुढच्याच वर्षी तो परत आणावा लागला. लॅपटॉप कायम झोपवून ठेवायचा, हे मत मांडणाऱ्यांच्या घरी लाईट जात नसावी, असं आम्हाला वाटतं.

आता आपल्याकडची तक्रार घ्या. अपग्रेडआधी बटण दाबलं की लॅपटॉप बंद व्हायचा. अपग्रेडनंतर पडदा काळा होतो, माणूस समजतो बंद झाला, लॅपटॉप पिशवीत घालून एसटीत बसतो. तासाभराने पिशवी गरम. सांगलीला पोचेपर्यंत बॅटरी संपलेली, आणि न साठवलेला प्रकल्प अहवाल गेला. जुन्या लॅपटॉपमध्ये निदान एस-३ नावाची गाढ झोप असे, जवळजवळ फक्त मेमरीला वीज मिळायची. अलीकडच्या बऱ्याच यंत्रांत ती काढून टाकलीय आणि त्याजागी हलकी झोप आहे, जिच्यात यंत्र अर्धवट जागंच असतं. म्हणजे बटणाचा अर्थ बदलला, आणि झोपेचाही.

दुरुस्ती करताना लोक आधी बटणावर संशय घेतात. बटण बिघडलेलं नसतं. आधी पाहायचं की हरकत कोणाची नोंदलेली आहे. सिस्टम-डीची इनहिबिट ही आज्ञा यादी दाखवते. यादीत डेस्कटॉपचं नाव असेल, तर सेटिंगमधल्या पॉवरच्या पानावर बटणाचा पर्याय बदलायचा: झोप, विचारून बंद, की काहीच नाही. नाव नसेल, म्हणजे हलका डेस्कटॉप असेल आणि त्याने हरकत नोंदवलीच नसेल, तर लॉगिन-डीच्या कॉन्फिग फाईलमधली हँडल-पॉवर-की ही ओळ बघायची. याच कारणाने एकच लॅपटॉप लॉगिनच्या पडद्यावर एक वागतो आणि आत गेल्यावर दुसरं.

तिसरी शक्यता आमच्या अनुभवात सर्वात चिवट. वर्षानुवर्षं अपग्रेड होत आलेल्या यंत्रात एसीपीआय-डीची जुनी स्क्रिप्ट तशीच पडलेली असते. बटण दाबलं की डेस्कटॉप झोपवायला जातो आणि स्क्रिप्ट बंद करायला. ऑटोवाली डीपीच ती! अशा वेळी दोघांपैकी एकाला काढायचं, आणि जुन्यालाच काढायचं.

अपग्रेड चालू असताना डेबियनच्या घराण्यातली वितरणं विचारतात की तुम्ही बदललेली फाईल ठेवू की नवी आणू. तिथे घाईत एंटर मारला की बहुधा आपलीच जुनी फाईल राहते. मग नव्या आवृत्तीचं वर्तन पुस्तकात लिहिल्यासारखं का नाही, यात एक दुपार जाते.

श्रोत्यांपैकी एकांनी विचारलं, हे सगळं अडकलं आणि पडदा गोठला तर? त्याची सोय एसीपीआयमध्ये मुळापासून आहे. बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं, की सिस्टमला न विचारता वीज तुटते. काही लॅपटॉपना दहा सेकंद लागतात. ही वाट डेस्कटॉपच्या किंवा लॉगिन-डीच्या हातात नाही, त्यामुळे अपग्रेडने ती बदलत नाही. पुढच्या वेळी यंत्र चालू होताना एक्स्ट-४ फाईलप्रणाली आपल्या जर्नलवरून राहिलेलं काम पुरं करते, तेव्हा डिस्कचा हिशेब बहुधा जुळतो. उघड्या दस्तऐवजातलं न साठवलेलं मात्र त्यात नसतं.