चोळ राजसत्ता आणि मंदिरव्यवस्था : तंजावरच्या राजराजेश्वर मंदिरातील शिलालेखांच्या संदर्भात

प्रस्तावना :
मध्ययुगीन दक्षिण भारतात राजा, ग्रामसभा, मेंढपाळ व सेवेकरी यांना परस्परांशी बांधणारी संस्था म्हणून मंदिराचे महत्त्व मोठे होते. प्रस्तुत लेखात पहिला राजराज चोळ (इ.स. ९८५-१०१४) याने तंजावर येथे उभारलेल्या राजराजेश्वर, म्हणजेच आजच्या बृहदीश्वर मंदिराच्या आधारे या संबंधांचे स्वरूप तपासले आहे.

विवेचन :
इ.स. १०१० च्या सुमारास पूर्णत्वास गेलेल्या या मंदिराचे विमान ६० मीटरांहून अधिक उंच आहे. तथापि, राजसत्तेचे कार्य कसे चाले हे मंदिरावरील तमिळ शिलालेखांतूनच कळते. राजा, त्याची थोरली बहीण कुंदवै, राण्या व अधिकारी यांनी दिलेल्या दानांची त्यांत तपशीलवार नोंद असून दागिन्यांची वजनेही दिली आहेत.

दानाची रक्कम ग्रामसभांना कर्जाऊ दिली जाई व त्यावर दरसाल साधारणतः १२.५ टक्के व्याज घेतले जाई. नंदादीपासाठी मेंढ्या व गुरे मेंढपाळ-गुराख्यांकडे सोपवून त्यांच्याकडून रोज ठरावीक तूप घेतले जाई. जिंकलेल्या श्रीलंकेतील काही गावांचे उत्पन्नही मंदिराला लावून दिले होते.

राज्यातील निरनिराळ्या मंदिरांतून सुमारे ४०० नर्तकी आणून येथे वसविण्यात आल्या. प्रत्येकीचे नाव, मूळ मंदिर व मिळालेले घर यांची नोंद आहे. वार्षिक १०० कलम भाताचा वाटाही नमूद आहे. त्यांच्या इच्छेविषयी मात्र लेख मौन बाळगतात.

के. ए. नीलकंठ शास्त्री यांना चोळ राज्यात प्रबळ केंद्रीय प्रशासन दिसले. बर्टन स्टाइन यांनी १९८० च्या ग्रंथात हे मत नाकारून, गाभ्याबाहेरील प्रदेशात राजाची सत्ता प्रामुख्याने धार्मिक विधींपुरती होती, असे प्रतिपादन केले. तंजावरच्या लेखांत मात्र विधी आणि वसुली यांची फारकत करता येत नाही. दिवा देवापुढे तेवत असे, त्याचे तूप मेंढपाळ देत असे आणि पुण्य दात्याच्या नावे जमा होत असे.

राजसत्तेने या मंदिराचा आधार पुढेही घेतला. १८०३ मध्ये दुसरे सरफोजी राजे यांनी भोसले घराण्याचा इतिहास येथेच मराठीत कोरवून घेतला.

निष्कर्ष :
राजांची भक्ती खोटी ठरविण्याचे कारण नाही. परंतु त्या भक्तीचा वार्षिक भार गावांनी, मेंढपाळांनी व सेवेकऱ्यांनी वाहिला. मंदिराचा इतिहास केवळ निर्मात्याच्या नावाने लिहिल्यास त्याच शिलालेखांत नोंदविलेली ही माणसे दृष्टीआड होतात.