जन्मसिद्ध बंदिवास : गुन्हेगार जमाती कायदा आणि कुटुंबसंस्था

शिक्षा ही व्यक्तीला तिच्या कृत्याबद्दल द्यावयाची असते, हे आधुनिक दंडनीतीचे मूलतत्त्व होय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या तत्त्वालाच छेद दिला. एखादी जमात अधिसूचित झाली, की तीत जन्मास येणे हेच संशयास पुरेसे कारण ठरे. आणि त्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. आरंभी मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात अमलात असलेली ही व्यवस्था १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आली.

या बंदिवासाचा पहिला आघात उपजीविकेवर झाला. टोपल्या विणून गावोगाव विकणारे कैकाडी काय किंवा शिकारीवर जगणारे पारधी काय, यांचे व्यवसाय भ्रमंतीवर अवलंबून होते. नोंदणी, हजेरी व परवाना यांनी ती भ्रमंतीच थांबविली. सोलापूर येथे काटेरी तारांच्या कुंपणात वसाहत उभी राहिली आणि तेथील स्त्रीपुरुष कापडगिरण्यांत कामास जाऊ लागले. सुधारणेच्या नावाने चाललेल्या या योजनेतून गिरण्यांस हुकमी मजूर मिळाले. मजुराला मात्र काम सोडून अन्यत्र जाण्याचे स्वातंत्र्य नव्हते. म्हणजे मजुरी मिळाली, तरी तिच्याविषयी घासाघीस करण्याचे बळ त्याच्या अंगी राहिले नाही.

दुसरा आघात कुटुंबावर झाला व तो अधिक खोल होता. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहवजा वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. पालकांचा सहवास हेच गुन्ह्याचे मूळ, असा याचा अर्थ. हजेरी चुकविणे हा स्वतंत्र अपराध असल्यामुळे आजारपण व बाळंतपण यांसारख्या घरगुती बाबीही अधिकाऱ्यांच्या मर्जीच्या कक्षेत आल्या. विशिष्ट गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास सात वर्षे कारावास व तिसऱ्यांदा जन्मठेप काळे पाणी, अशी १९११ च्या कायद्यातील तरतूद होती. कर्ता पुरुष असा दीर्घकाळ गेला, की संसाराचा भार स्त्रीवर पडे. आणि ती स्वतःही नोंदवहीत असे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला व ‘गुन्हेगार जमाती’ या संज्ञेच्या जागी ‘विमुक्त जाती’ ही संज्ञा आली. तथापि संज्ञा पालटल्याने व्यवहार पालटतोच असे नाही. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयी कायदा झाला. त्याचा रोख व्यक्तीवर असला, तरी पोलिसी संशय जुन्याच वस्त्यांकडे वळत राहिला. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनास ‘उचल्या’ हेच नाव दिले, यावरून शिक्क्याचे आयुष्य कायद्याहून किती दीर्घ असते, हे ध्यानी यावे. कारागृह-नियमावल्यांतील विमुक्तांविषयीचे भेदभावकारक उल्लेख सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी.

सामूहिक बंदिवासाचे मोजमाप केवळ बंदिवानांच्या संख्येवरून करणे अपुरे आहे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. भूमी, शिक्षण, स्थिर पत्ता व शेजाऱ्यांचा विश्वास या चार गोष्टी ज्या पिढ्यांना नाकारल्या गेल्या, त्यांच्या वारसांस कुंपण निघाल्यावरही आरंभ शून्यापासूनच करावा लागला. विषमता वारशाने येते ती अशी. गुन्हा मात्र वारशाने येत नाही.