जुनी मारुती ८०० रस्त्यावर कशी टिकते? आष्टीसारख्या तालुक्यातील दुरुस्तीचे गणित

मारुती ८०० चे उत्पादन १८ जानेवारी २०१४ रोजी थांबले. तरीही विदर्भातील तालुक्यांच्या गावांत ही गाडी आजही घरची गाडी म्हणून चालते. दवाखाना, लग्नकार्य, बाजार, शेतावरची फेरी यांसाठी ती पुरते आणि तिच्यावर कर्जाचा हप्ता नसतो. प्रश्न एवढाच असतो, की तिच्यावर पैसा किती लावायचा, कोणत्या कामाला आधी लावायचा आणि कधी थांबायचे. वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे ऊन, माती आणि अंतरे लक्षात घेऊन या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ऑल्टो, ऑम्नी किंवा त्याच वर्गातील इतर जुन्या छोट्या गाड्यांनाही यातील बराचसा भाग लागू पडतो.

गाडी जुनी, पण इंजिन ओळखीचे

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना देण्यात आली. त्यानंतरच्या तीस वर्षांत देशात या गाडीची २५ लाखांहून अधिक विक्री झाली. गाडीत ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. सुरुवातीच्या गाड्यांना कार्बोरेटर असे. २००० च्या सुमारास इंजेक्शनवर चालणारे, म्हणजे एमपीएफआय इंजिन आले.

एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर यांसह देशातील १३ शहरांत भारत स्टेज-४ हे प्रदूषण निकष लागू झाले आणि तेथे या गाडीची विक्री बंद झाली. विदर्भ त्या यादीत नव्हता. त्यामुळे २०१० नंतर नोंदलेल्या ८०० पुण्यापेक्षा वर्धा, अमरावती, नागपूर या भागांत दिसण्याची शक्यता अधिक.

ही गाडी टिकण्यामागचे मोठे कारण म्हणजे ७९६ सीसीच्या इंजिनाचे हेच घराणे ऑम्नी आणि ऑल्टोमध्येही होते. ऑम्नी २०१९ पर्यंत आणि ऑल्टो ८०० २०२३ पर्यंत बनत होती. सगळेच पार्ट एकमेकांना बसत नाहीत. मात्र इंजिनाचे काम माहीत असलेला मिस्त्री तालुक्याच्या गावातही सापडतो आणि झिजणारे बहुतेक पार्ट अजून बाजारात मिळतात.

आष्टीत गाडी झिजते कशाने?

आष्टी (शहीद) हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण संत्र्याच्या पट्ट्यात येते. नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजीपंत) याच तालुक्यात आहे. मोठ्या कामासाठी आर्वी गाठावी लागते, नाहीतर वर्धा, अमरावती किंवा नागपूर. म्हणजे येथील गाडीला दोन टोकांची कामे पडतात. एकीकडे गावातल्या आणि पांदणीवरच्या छोट्या फेऱ्या, तर दुसरीकडे भर उन्हात महामार्गावरची लांब धाव.

झीज मुख्यतः तीन गोष्टींमुळे होते. पहिली उष्णता. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे येथे नवे नाही. दुसरी काळी माती. पावसाळ्यात ती चाकांच्या कमानीत आणि खालच्या पत्र्याला चिकटते, ओल धरून ठेवते आणि तिथून गंज सुरू होतो. तिसरी धूळ. उन्हाळ्यात ती एअर फिल्टरमध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये आणि फाटलेल्या रबरी बुटांमधून सांध्यांत शिरते.

पहिला पैसा कूलिंगला

जुन्या ८०० चे इंजिन बहुतेक वेळा एकाएकी जात नाही. आधी ते गरम होऊ लागते. सुरुवात रबरी पाइपाच्या क्लिपपाशी थेंब थेंब गळण्यासारख्या छोट्या दोषाने होते. पाणी कमी पडते, इंजिन तापते. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असल्याने जास्त तापल्यावर वाकते. मग हेड गॅस्केट जाते, पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, चहाच्या रंगाचा थर दिसणे, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येणे आणि गळती दिसत नसतानाही पाणी कमी होत राहणे ही त्याची लक्षणे. या टप्प्यावर हेड उतरवून लेथवर फेसिंग करावे लागते. ज्या पाइपामुळे हे सुरू झाले, त्याच्या किमतीच्या कितीतरी पट हा खर्च असतो.

रेडिएटरमध्ये बोअरचे किंवा विहिरीचे पाणी भरणे ही नेहमीची चूक. त्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, जसे ते पाणी तापवायच्या भांड्यात साचतात. नळी अरुंद झाली की उष्णता बाहेर पडत नाही. कूलंट आणि शुद्ध केलेले, म्हणजे डिस्टिल्ड पाणी यांचे मिश्रण भरले तर क्षार साचत नाहीत, गंज रोखला जातो आणि उकळबिंदूही वाढतो.

गरम होणाऱ्या गाडीवर दोन सोपे उपाय सर्रास केले जातात. एक म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. त्याने इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचते, पेट्रोल जास्त जाते आणि तुंबलेला रेडिएटर तुंबलेलाच राहतो. दुसरा म्हणजे रेडिएटरचा फॅन ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे चावी फिरवताच तो सतत चालू ठेवणे. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरते हे ठीक आहे. कायमचा उपाय म्हणजे बिघडलेला स्विच बदलणे.

काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी उसळून चेहरा आणि हात भाजतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यानेही हेडला तडा जाऊ शकतो. गाडी थंड होऊ द्यावी किंवा टोचन करून न्यावी. ‘आणखी दहा किलोमीटर’ म्हणून गाडी तशीच दामटण्यात अनेक इंजिने गेली आहेत.

काटकसर जिथे करू नये

इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. ब्रेक किंवा स्टीअरिंगचा सांधा गेला तर गाडी थांबत नाही. म्हणून पुढील कामे पैसे जुळेपर्यंत पुढे ढकलू नयेत.

- ब्रेक ऑइल: ते हवेतील ओलावा शोषते. ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळते आणि सतत ब्रेक लावल्यावर पेडल खाली जाते. साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळत असण्याची शक्यता असते.
- बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके: चाक उचलून हाताने हलवले असता खटखट जाणवली तर हे सांधे तपासून बदलावेत.
- ॲक्सलचे बूट: ८०० ला पुढच्या चाकांना ओढ असते. रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि धूळ आत जाते. वळताना ‘कट कट’ आवाज येऊ लागला म्हणजे जॉइंट झिजला. बूट वेळेत बदलला असता तर जॉइंट वाचला असता.
- टायर: नक्षी शिल्लक असली तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूवरील चार आकडी खूण आठवडा आणि वर्ष सांगते. ‘२३१७’ म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. स्टेपनीही तपासावी, सर्वांत जुना टायर बहुधा तीच असते.
- टायमिंग बेल्ट: तो तुटला तर गाडी जागेवर बंद पडते. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला हे कोणालाच माहीत नसेल, तर तो बदलूनच सुरुवात करावी.

सीट कव्हर, रंग, म्युझिक सिस्टिम यांचा नंबर या सगळ्यानंतर लागतो.

इथेनॉलच्या पेट्रोलचे काय?

देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजे ई-२०, विकले जाते. जुन्या ८०० त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज काहीसे घटते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात ई-२० साठी न बनलेल्या गाड्यांत ही घट सुमारे ३ ते ६ टक्के असल्याचे म्हटले आणि काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावी लागू शकतात, असेही सांगितले.

मालकासाठी याचा अर्थ असा, की पेट्रोलचे रबरी पाइप फुगले, चिकट झाले किंवा त्यांना चिरा पडल्या आहेत का, हे प्रत्येक सर्व्हिसिंगला पाहावे. बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नये. त्यातून आग लागू शकते. इथेनॉल पाणीही ओढून घेते. म्हणून अनेक आठवडे उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीने सोडण्यापेक्षा अधूनमधून चालवलेली बरी.

पार्ट: ओरिजिनल, लोकल की जुना?

बाजारात तीन प्रकारचे पार्ट मिळतात. कंपनीच्या नावाचे ओरिजिनल, इतर नामांकित उत्पादकांचे आणि नाव नसलेले लोकल. शिवाय भंगारात निघालेल्या गाड्यांचे जुने पार्ट असतात. दरवाजा, काच, आरसा, बंपर, सीट, डिकीचे झाकण जुने घेण्यास हरकत नाही. ब्रेक, स्टीअरिंग, रबर आणि बेल्ट यांत जुना किंवा निनावी पार्ट घेऊ नये. बदललेला पार्ट मिस्त्रीकडून परत मागून पाहावा आणि तारीख, किलोमीटर व खर्च एका वहीत लिहावा. मिस्त्री बदलला किंवा गाडी विकली तरी ही वही कामाला येते.

कागदपत्रे

खासगी गाडी १५ वर्षांची झाली की आपोआप भंगारात जाते, हा गैरसमज आहे. दहा वर्षे डिझेल आणि पंधरा वर्षे पेट्रोल ही मर्यादा दिल्ली व राष्ट्रीय राजधानी परिसरासाठी आहे. महाराष्ट्रात मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. बोलीभाषेत यालाच ‘रि-पासिंग’ म्हणतात. आष्टीच्या गाड्यांसाठी हे काम वर्ध्याच्या परिवहन कार्यालयाकडे, म्हणजे एमएच-३२ कडे येते.

अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. उशीर झाल्यास दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. पीयूसी आणि किमान थर्ड पार्टी विमा आवश्यक आहे. १,००० सीसीपेक्षा लहान खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दरांनुसार वर्षाला २,०९४ रुपये, त्यावर कर वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवावी लागते.

२००९ ते २०१४ या काळात नोंदलेल्या ८०० ची पहिली १५ वर्षे २०२४ ते २०२९ दरम्यान संपतात. जुनी गाडी विकत घेताना म्हणूनच किमतीआधी आरसी बुकवरील मुदत पाहावी. नोंदणीची मुदत संपलेली स्वस्त गाडी दंड, कर आणि शुल्क धरून महाग पडू शकते. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो.

कधी थांबायचे?

इंजिन खोलून नीट करता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. पण ८०० ला वेगळी चॅसिस नाही. सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच असतो. त्यामुळे गाडीचे खरे वय तिच्या पत्र्यावर कळते. गाडी वर उचलून खालचा पत्रा, दाराखालची पट्टी, बॅटरीखालची जागा, शॉकअपचे माथे आणि मागच्या सस्पेन्शनच्या जोडण्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहाव्यात. ठणठणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. आवाज बद्द आला किंवा पत्र्याचे पापुद्रे सुटले तर आत गंज आहे. पायाखालच्या पत्र्याला चांगल्या वेल्डिंगने ठिगळ लावता येते. शॉकअप, सस्पेन्शन किंवा सीट बेल्ट जिथे जोडलेले असतात तिथला पत्रा सडला असेल, तर ती गाडी कुटुंबाला बसवण्याजोगी राहत नाही, मग इंजिन कितीही गोड चालत असो.

दुसरी खूण वहीत दिसते. गेल्या वर्षभराचा दुरुस्तीचा खर्च एकत्र करावा आणि समोर आलेल्या कामाचा अंदाज त्यात मिळवावा. ही रक्कम त्याच वर्गातील बऱ्या स्थितीच्या, मुदत शिल्लक असलेल्या गाडीच्या किमतीजवळ पोचली, तर पुढचा पैसा तिथे लावलेला बरा. एकच मोठे काम एकदा निघणे आणि दर महिन्याला वेगळे काहीतरी निघणे यांतही फरक आहे. दुसऱ्या प्रकारात गाडीवरचा भरवसा उडतो, आणि रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर भरवसाच लागतो.

गाडी मोडीत काढायची ठरली तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि मोटार वाहन करात सवलतीची तरतूद आहे. कबाड्याला तशीच विकून नोंदणी रद्द केली नाही, तर कागदोपत्री ती जुन्या मालकाच्याच नावावर राहते आणि तिचा गैरवापर झाल्यास चौकशी त्याच्याच दारी येते.

वर्षभराचे वेळापत्रक

- मार्च: कूलंट, रबरी पाइप, क्लिपा, फॅन, बेल्ट, एअर फिल्टर आणि टायरची तपासणी.
- मे अखेर: वायपर, दिवे, ब्रेक, दारांची रबरे. पाणी साचू नये म्हणून दारांच्या तळाची भोके मोकळी करणे.
- ऑक्टोबर: खालची माती पाण्याच्या दाबाने धुऊन गाडी वाळवणे, गंज खरडून प्रायमर व रंग लावणे, ॲक्सलचे बूट व बुश पाहणे.
- डिसेंबर: बॅटरी आणि प्लग तपासणे, पीयूसी, विमा व आरसीच्या तारखा वहीत उतरवणे.