नळी वर, नजर सरळ : नेमाच्या गणिताचा इतिहास

बंदुकीतून सुटलेली गोळी सरळ रेषेत जाते, असे बहुतेक विद्यार्थ्यांना वाटते. चेंडू खाली पडतो हे त्यांना पटते, पण गोळी इतकी वेगवान असते की तिला पडायला सवडच मिळत नसावी, असा त्यांचा समज असतो. हा समज साध्या गुणाकाराने तपासता येतो. गोळीचा वेग सेकंदाला ७०० मीटर धरला, तर १०० मीटर जायला तिला सेकंदाचा सातवा भाग लागतो. तेवढ्या वेळात कोणतीही वस्तू सुमारे १० सेंटिमीटर खाली येते, आणि गोळीही तेवढीच येते. अंतर दुप्पट केले की ही घट चौपट होते. हवेमुळे वेग कमी होत असल्याने प्रत्यक्षात ती त्याहूनही थोडी जास्तच भरते.

मग शिकाऱ्याचा नेम लागतो कसा? दुर्बीण नसलेल्या रायफलीवर लोखंडाच्या दोनच खुणा असतात : डोळ्याजवळ एक खाच आणि नळीच्या तोंडाशी एक उंचवटा. या उंचवट्याला ‘माशी’ म्हणतात. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणणे म्हणजे नेम धरणे. पण नजरेची ही रेषा आणि नळीची रेषा एक नसते. नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. गोळी नजरेच्या रेषेखालून निघते, थोड्या अंतरावर ती रेषा ओलांडून वर जाते, आणि पुढे खाली येताना ती पुन्हा एकदा ओलांडते. हा दुसरा छेदनबिंदू लक्ष्यावर आणायचा असतो. ‘गोळी आधी वर उचलली जाते’ असे म्हणतात ते नजरेच्या रेषेपुरते खरे आहे. नळीच्या रेषेच्या वर गोळी कधीच जात नाही.

हा बिंदू जुळवण्याची रीत शिकाऱ्यांना ठाऊक होती. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर भक्कम टेकवायची, ठरलेल्या अंतरावरच्या कागदावर एकाच ठिकाणी नेम धरून तीन गोळ्या झाडायच्या, आणि तिन्ही छिद्रांचा मध्य काढायचा. एकाच गोळीवरून काही ठरवायचे नाही, कारण तिच्यात हाताची चूक मिसळलेली असते. गोळ्या डावीकडे लागत असतील तर खाच उजवीकडे सरकवायची. खाली लागत असतील तर खाच उंच करायची किंवा माशी कानशीने घासायची. घासताना घाई चालत नाही, कारण गेलेला धातू परत चढवता येत नाही. किती सरकवायचे हे समरूप त्रिकोण सांगतात. खाच आणि माशी यांत ६० सेंटिमीटर अंतर असेल आणि १०० मीटरवर गोळी ६ सेंटिमीटर चुकत असेल, तर दुरुस्ती फक्त ०.३६ मिलिमीटरची!

अर्थात, तिन्ही गोळ्या जवळजवळ लागल्या तरच या दुरुस्तीला अर्थ असतो. गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळा नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडतो आणि दर वेळी वेगळ्या वाटेने जातो. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मन भाषक प्रदेशातले कारागीर नळीच्या आत मळसूत्री आटे पाडू लागले. त्यामुळे गोळीला स्वतःभोवती फिरकी मिळून तिची वाट स्थिरावली. ही सुधारणा हातांनी झाली. गोळीची वाट नेमकी कशी असते, हे मात्र त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते.

हा प्रश्न १५३१ साली व्हेरोना येथे एका तोफचीने निकोलो तार्तालिया या गणितज्ञाला विचारला : तोफ किती वर उचलली म्हणजे मारा सर्वांत लांब जातो? तार्तालियाने ४५ अंश असे उत्तर दिले. पण माणसे मारण्याची विद्या सुधारणे हे पाप आहे, असे वाटून त्याने आपले लेखन नष्ट केले. पुढे तुर्कांच्या स्वारीची भीती निर्माण झाली, तेव्हा त्याने मन बदलले आणि १५३७ साली ग्रंथ छापला. १५४६ च्या दुसऱ्या ग्रंथात त्याने ठामपणे लिहिले की, या वाटेचा कोणताही भाग पूर्ण सरळ नसतो. त्या काळी हे विधान धाडसाचे होते.

ती वाट परवलयाची असते, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखवले. बंदुकीच्या प्रचंड वेगाला हवेमुळे हा नियम लागू पडणार नाही, हेही त्याने लिहून ठेवले होते. पण परवलयाचे गणित इतके देखणे होते की नंतरच्या पुष्कळांनी या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले.

ते दुर्लक्ष किती महाग होते हे इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली दाखवले. त्याने लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यावर गोळी झाडली. ठोकळा किती झुलतो यावरून गोळीचा वेग काढला. तो भरला सेकंदाला सुमारे १७०० फूट. या वेगाची गोळी ४५ अंशांत झाडली, तर परवलयाच्या हिशेबाने १७ मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती मैलभरही जात नसे! हवेचा अडथळा नगण्य नाही, हे यातून सिद्ध झाले. ऑयलरने १७४५ साली या पुस्तकाचे जर्मन भाषांतर करून त्यावर विस्तृत भाष्य लिहिले. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

एकोणिसाव्या शतकात शिकारी रायफलींवर १००, २००, ३०० यार्डांसाठी वेगवेगळ्या उंचीच्या, उघडझाप होणाऱ्या खाचा आल्या. तरी अंतर ओळखायचे काम डोळ्यांनाच करावे लागे. तो अंदाज चुकला की जनावर मरत नसे, जखमी होई. याची किंमत कोणी मोजली? चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारल्याची नोंद आहे. १९०७ साली जिम कॉर्बेटने तिला टिपले, तेव्हा तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे सुळे तुटलेले आढळले. जुन्या गोळीच्या या जखमेमुळे तिला नेहमीची शिकार करता येईना आणि ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष कॉर्बेटने १९४४ च्या पुस्तकात मांडला आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची हौशी शिकार संपली, आणि ते योग्यच झाले. पण या इतिहासातली शिकवण प्रयोगशाळेत रोज उपयोगी पडते. व्हर्नियरची शून्यत्रुटी आधी काढतो, तसेच हे आहे : उपकरण आधी तपासा, एका वाचनावर विसंबू नका, आणि एका अंतरासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या अंतराला लावू नका. वर्गात यासाठी पिचकारी पुरते. ती एका जागी घट्ट बसवा, वरच्या बाजूला एक नळकांडी बांधा आणि तिच्यातून पाहत दोन मीटरवरच्या खुणेवर धार पाडा. मग पिचकारीला हात न लावता खूण नळकांडीतून दिसेल अशी तीन मीटरवर न्या. धार कुठे पडेल, हे मुलांना आधी कागदावर लिहायला सांगा. पाणी त्यानंतर सोडा.