चाणक्यपुरीच्या गाड्या, काश्मिरी गेटचे ब्रेक

दिल्लीतली आर. के. पुरम ही मूळची सरकारी नोकरांची वसाहत. साठच्या दशकात इथे एकामागून एक सेक्टर उभे राहिले. क्वार्टर्सच्या दारात सायकली असत, पुढे स्कूटर आल्या, आणि मोठ्या साहेबाला न्यायला पांढरी अ‍ॅम्बेसेडर येई. पण रिंग रोड ओलांडून मोतीबाग मागे टाकली की चाणक्यपुरी लागते. तिथे १९५९ साली अमेरिकेच्या वकिलातीची नवी इमारत उघडली, इतर देशांच्याही वकिलाती वसत गेल्या, आणि राजनैतिक अधिकारी आपापल्या देशांतल्या गाड्या घेऊन आले. सामान्य भारतीयाला परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य असण्याचा तो काळ. लांबलचक अमेरिकन गाड्या दिल्लीच्या रस्त्यांवर दिसत, त्या मुख्यतः या मार्गाने आलेल्या.

अधिकाऱ्याची बदली झाली की गाडी मागे उरे. ती विकायची तर १९५६ साली स्थापन झालेल्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या मार्फत. या विक्रीतून हौशी लोकांच्या हाती आठ सिलिंडरची इंजिनं आली. त्या इंजिनांना आवरणाऱ्या ब्रेकचे सुटे भाग मात्र आले नाहीत. भारतातल्या जुन्या अमेरिकन गाड्यांच्या पुनरुज्जीवनातली सगळ्यात मोठी अडचण तिथूनच सुरू होते.

अमेरिकेत १९६४ साली पाँटिअ‍ॅक जीटीओ बाजारात आली आणि ‘मसल कार’ या प्रकाराला तोंड फुटलं. तिच्या इंजिनाची ताकद ३२५ अश्वशक्ती, ब्रेकचे ड्रम मात्र जेमतेम साडेनऊ इंचांचे. वेगात दोन-तीनदा जोरात ब्रेक दाबला की ते तापून ढिले पडत. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली. तिला पुढच्या चाकांसाठी चार पिस्टनच्या कॅलिपरचे डिस्क ब्रेक पैसे जास्त मोजून घेता येत. हे कॅलिपर केल्सी-हेझ कंपनीचे, आणि १९६७ पर्यंतच वापरले गेले. १९६८ पासून मस्टँगला एका पिस्टनचे कॅलिपर आले. म्हणजे १९६६ च्या गाडीला १९६८ चा भाग बसवला, तर ती थांबेल कदाचित जास्त चांगली, पण जाणकाराच्या नजरेतून सुटणार नाही.

ब्रेकला ऑइलचा दाब पुरवणाऱ्या मास्टर सिलिंडरचीही गोष्ट अशीच. जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलचा एकच कप्पा आणि एकच मार्ग असे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. १९६७ च्या मॉडेलपासून अमेरिकन कंपन्यांनी दुहेरी मास्टर सिलिंडर दिले, आणि १ जानेवारी १९६८ पासून तिथल्या सुरक्षा नियमाने ते सक्तीचेच झाले. एवढा एक भाग पाहिला तरी गाडी या बदलाच्या अलीकडची की पलीकडची, हे कळतं. फोर्डच्या भागांवरचा नंबरही बोलका असतो: ‘सी५झेडझेड’ यातला सी म्हणजे साठचं दशक, ५ म्हणजे १९६५, त्यानंतरचा झेड म्हणजे मस्टँग, आणि पुढचा २१४० हा आकडा मास्टर सिलिंडरचा. गंजाखाली हा नंबर सापडला, तर बाकीचा शोध अर्धा झालेला असतो.

दिल्लीत हा शोध बहुधा काश्मिरी गेटकडे वळतो. एकेकाळी ही इंग्रजी दुकानांची नामांकित पेठ होती. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी इथे मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं थाटली, आणि पाहता पाहता तो देशातल्या सर्वात मोठ्या घाऊक बाजारांपैकी एक झाला. त्या बोळांमध्ये ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे दोन शब्द दिवसभर ऐकू येतात. तिथे न मिळालेलं मायापुरीच्या भंगारात शोधायचं. मोतिया खान वस्तीतले भंगारवाले सत्तरच्या दशकात तिकडे हलवले गेले.

मिस्त्री लोकांनी तोवर आपली वाट काढली होती. ब्रेकच्या सिलिंडरचा व्यास एक इंच, सात अष्टमांश इंच अशा ठरलेल्या मापांत असे. त्यामुळे मुंबईत महिंद्राने जोडलेल्या विलीज जीपच्या ब्रेकचं रबर त्याच मापाच्या दुसऱ्या अमेरिकन सिलिंडरमध्ये बसू शके. सिलिंडर आतून झिजला तर बोअर मोठा करून स्लीव्ह ठोकायची. या कारागिरीला कमी लेखणं अन्यायाचं होईल; तिच्यामुळेच कित्येक गाड्या चालत्या राहिल्या. पण तिच्याच पायी मूळ भाग एकेक करून नाहीसे झाले, हेही तितकंच खरं.

मुंबईचा वारसा दिल्लीपेक्षा जुना. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत शेव्हरोले जोडत होती, फोर्डचा कारखाना भांडुपला होता. सरकारी धोरण बदललं आणि दोघांनीही पन्नासच्या दशकात गाशा गुंडाळला. कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो बांधल्या. क्रायस्लरने तर १९२४ सालीच आपल्या पहिल्या गाडीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक दिले होते. त्या घराण्याच्या गाड्यांचे भाग मुंबईच्या जुन्या दुकानांच्या माळ्यांवर सापडण्याची शक्यता म्हणूनच जास्त.

अ‍ॅम्बेसेडरवाल्यांचं नशीब बरं. १९६२ साली टीव्हीएस समूह आणि इंग्लंडची लुकास यांच्या भागीदारीतून मद्रासला ब्रेक्स इंडिया उभी राहिली, पाठोपाठ राणे समूहाचा ब्रेक लायनिंगचा कारखाना आला. देशी गाड्यांचे ब्रेक देशातच होऊ लागले.

आता कायद्यानेही मूळ भागांना वजन आलं आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. हे नियम केंद्राने २०२१ साली केले. दिल्लीत या नोंदणीला विशेष अर्थ आहे. हवेच्या प्रदूषणामुळे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना राजधानीत बंदी करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केला. 

तरीही मूळपणाचा हट्ट कुठे थांबवायचा, हे ठरवावंच लागतं. ओतीव भाग, कॅलिपर, ड्रम, पेडल आणि त्यांवरचे नंबर मूळचेच असावेत. रबर, नळ्या आणि लायनिंग यांच्या बाबतीत जुन्याचा मोह धरू नये. साठ वर्षं खोक्यात पडलेला सिलिंडरचा रबरी कप कितीही कोरा दिसला तरी रबर कडक झालेलं असतं, आणि त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ते घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते. ‘व्हिंटेज’ गाडी रोजच्या वापरासाठी नसते, पण प्रदर्शनाला किंवा रॅलीला निघते तेव्हा तिच्यापुढेही माणसं रस्ता ओलांडतच असतात.

ज्यांच्या घरी वडिलांचं किंवा आजोबांचं सुट्या भागांचं जुनं दुकान आहे, त्यांनी ते मिटवताना माळ्यावरच्या पेट्या किलोच्या भावाने भंगारात देऊ नयेत. आधी प्रत्येक भागावरचा नंबर वाचावा, फोटो काढावा आणि एखाद्या जुन्या गाड्यांच्या क्लबला विचारावं.