खेळाचा पट आणि स्त्रियांचा अधिकार

इंदूरहून नेमावरास जाणारा रस्ता खातेगांवावरून जातो. हा सारा मुलूख पूर्वी होळकरांच्या राज्यात मोडत असे. आज तो देवास जिल्ह्यात आहे. गेल्या नर्मदा जयंतीस नेमावरी सिद्धनाथाचे दर्शन घेऊन परतताना आम्ही खातेगांवच्या बाजारात चहासाठी थांबलो. शेजारच्या गाळ्यात हिरव्या बनातीचे पूलचे टेबल मांडले होते व चारपाच तरुण खेळात गढून गेले होते. दाराशी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी उभी होती. कोणता चेंडू कोणत्या खिशात जाणार, हे ती खेळणाऱ्याच्या आधीच पुटपुटत होती, आणि बहुधा ते बरोबर ठरत होते. "तू का खेळत नाहीस?" असे आम्ही विचारताच ती सहजपणे म्हणाली, "ये तो लड़कों का है."

गाळ्यावर तशी पाटी कोठेही नव्हती. वकिली करणाऱ्या माणसास हीच गोष्ट अधिक खटकते. लेखी नियमाविरुद्ध दाद मागता येते. अलिखित नियमाविरुद्ध नोटीस बजावावी तरी कोणावर?

या खेळाचे आणि नर्मदेचे नाते वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. पूलचे भावंड जो स्नूकर, तो याच नदीकाठच्या जबलपुरास जन्मला. १८७५ साली तेथील लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून हा नवा डाव रचला. अशा ठिकाणी स्त्रियांस प्रवेश असण्याचा प्रश्नच नव्हता. अर्थात हा खेळ पुरुषांचा ठरला तो त्याच्या प्रकृतीमुळे नव्हे. तो ज्या खोलीत जन्मला त्या खोलीमुळे. खोली बदलली, परंतु खोलीचा रिवाज मात्र खेळाला चिकटून राहिला.

आमची जुनी कल्पना अशी नव्हती. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेली आहेत, आणि त्या डावात महादेव हरतात ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. घरोघरच्या कॅरमवरही भाऊबहिणी एकाच फळीभोवती बसतात. तेथे मुलींची फळी निराळी मांडावी असे कोणास सुचत नाही. जेथे निर्णय नेम, धीर आणि हिशेब यांवर होतो, तेथे स्त्री-पुरुष समोरासमोर बसणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. अडचण उत्पन्न होते ती खेळास संघटना, पदक आणि बक्षिसाची रक्कम चिकटल्यावर.

याचा सर्वांत बोधप्रद दाखला महाराष्ट्रानेच दिला आहे. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर, म्हणजे नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नातू, यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तीन कन्या. महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली सुरू झाली आणि पहिली दहा वर्षे तिचे अजिंक्यपद या तीन बहिणींच्या घराबाहेर गेले नाही. त्यांतील धाकटी रोहिणी १९७६ साली अवघ्या तेराव्या वर्षी अजिंक्य ठरली, आणि त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली.

एवढ्यावर मोठे वादळ उठले. स्त्रियांसाठी स्वतंत्र स्पर्धा असताना हिने येथे का यावे, असा आक्षेप निघाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले व निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष आणि स्वतः एके काळचे जगज्जेते मॅक्स युवे यांनीही, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांस मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय दिला. पटावर रोहिणीने गुजरात, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या तीन राज्यांच्या विजेत्यांस हरविले. पुढे १९८१ साली हैदराबाद येथे ती आशियाई महिला विजेतीही झाली.

त्या वेळचा आक्षेप आजही निरनिराळ्या वेषांत ऐकू येतो, म्हणून त्याची उलटतपासणी केली पाहिजे. "स्त्रियांस पुरुषांत खेळू द्यायचे, तर पुरुषांस स्त्रियांत का नको?" हा युक्तिवाद वरवर समतेचा दिसतो. परंतु आपल्या संविधानाचा १५ वा अनुच्छेद वाचावा. पहिल्या खंडात लिंगावरून भेदभाव करण्यास राज्यास मनाई आहे. तिसऱ्या खंडात स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मोकळीक आहे. दोन्ही एकाच अनुच्छेदात नांदतात, कारण त्यांचा हेतू एकच आहे. ज्यांना आजवर टेबलापाशी उभे राहू दिले नाही, त्यांच्यासाठी एक जादा दार उघडावयाचे. त्या जादा दाराकडे बोट दाखवून मुख्य दार बंद करणे, हा तरतुदीचा अर्थ नव्हे. तो तिचा विपर्यास आहे.

क्रीडासंघटना म्हणजे 'राज्य' नव्हे, असे कोणी म्हणेल. क्रिकेट नियामक मंडळाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तसेच म्हटले खरे. परंतु अशा संस्थेविरुद्ध २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते, हेही त्याच निकालात आहे.

तथापि कायदा दार उघडतो, खेळ शिकवीत नाही. व्यावसायिक स्नूकर १९९१ साली स्त्रियांस खुला झाला. इंग्लंडची रिॲन इव्हान्स बारा वेळा महिला जगज्जेती; २०१३ साली वूशी क्लासिकच्या पात्रता फेरीत तिने एका व्यावसायिक पुरुष खेळाडूस हरविले, आणि २०२१ साली तिला व हाँगकाँगच्या अंग ऑन यी हिला व्यावसायिक मालिकेत स्थान मिळाले. म्हणजे दार उघडल्यानंतर तीस वर्षांनीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच स्त्रिया आत होत्या. पूलमध्ये डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्यास बळ लागते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु बाकीचा खेळ हजारो तासांच्या सरावाचा आहे, आणि ते तास मुलग्यांस बाजारातल्या गाळ्यात मिळतात. मुलींस दारात उभे राहून.

बुद्धिबळात हे अंतर लवकर कमी झाले, कारण पट घरात मांडता येतो. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. चषक महिलांचा होता. पदवी मात्र पुरुषांस मिळते तीच. जादा दाराने आत आलेली मुलगी मुख्य दालनात कशी पोहोचते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

आता एक गोष्ट आपल्या घरची. आमच्या ओळखीच्या एका मंदिराच्या उत्सवात कॅरम व बुद्धिबळाच्या स्पर्धा होतात. तेथील पत्रकावर 'पुरुष गट' व 'महिला गट' असे दोनच रकाने वर्षानुवर्षे छापले जात आहेत. आम्ही समितीस एवढेच सुचविले की, महिला गट तसाच ठेवावा, आणि पहिल्या रकान्यातील 'पुरुष' हा शब्द खोडून तेथे 'खुला' असे छापावे. "तशी मनाई कधीच नव्हती," असे समितीचे वडीलधारे सभासद म्हणाले. ते खरेही असेल. परंतु खातेगांवच्या गाळ्यावरही पाटी नव्हती. अलिखित मनाईवर आम्हांस ठाऊक असलेला उपाय एकच: परवानगी लेखी द्यावी.