पितळी बंदुकीचे पाठभेद

हेन्री रायफलचा मूळ पाठ १८६० सालचा. बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने ती न्यू हेवन येथे, ऑलिव्हर विंचेस्टर यांच्या कंपनीत घडवली. १८६६ मध्ये तिचीच सुधारून वाढवलेली पितळी विंचेस्टर आली आणि १८७३ मध्ये लोखंडी. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीची म्हणून जगभर ओळखली जाणारी बंदूक ती हीच. आज बाजारात मिळणाऱ्या तिच्या प्रतिकृती मात्र पुष्कळशा इटलीत तयार होतात.

ब्रेशियाच्या उत्तरेला व्हाल त्रोम्पिया नावाची दरी आहे. तेथील बेरेता घराण्याने १५२६ साली व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या पुरवल्याची नोंद आहे. याच दरीतल्या गार्दोने गावी १९५९ साली आल्दो उबेर्ती यांनी कारखाना काढला. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर आली होती. उत्सवाला जुन्या बंदुका हव्या होत्या आणि अस्सल बंदुका संग्राहकांच्या कपाटात होत्या. प्रथम कोल्टचे १८५१ चे रिव्हॉल्व्हर झाले, मग या तरफेच्या रायफली.

यंत्रणेच्या बाबतीत इटालियन संपादक प्रामाणिक आहेत. चापाभोवतीची कडी हीच तरफ. ती खाली ओढली की गुडघ्यासारखा सांधा दुमडतो, खीळ मागे सरते, रिकामी पुंगळी बाहेर पडते, घोडा चढतो आणि नळीखालच्या नळकांड्यातले पुढचे काडतूस वर उचलले जाते. कडी मिटली की ते नळीत बसते. हा सांधा फारसा बळकट नाही, म्हणूनच पुढे जॉन ब्राउनिंग यांनी १८८६ व १८९२ च्या रायफलींसाठी निराळी रचना केली. पण प्रतिकृतीत तो सांधा जसाच्या तसा आहे. पोलाद तेवढे आजचे.

पाठभेद आहे तो काडतुसात. हेन्री आणि १८६६ ची विंचेस्टर .४४ चे ‘रिमफायर’ काडतूस वापरीत. त्यात स्फोटक द्रव्य पुंगळीच्या काठात असे. ते काडतूस आता सहज मिळत नाही, म्हणून प्रतिकृती .४४-४० किंवा .४५ कोल्ट या, मध्यभागी आघात लागणाऱ्या, काडतुसांसाठी बनवतात. यातले .४५ कोल्ट १८७३ चेच, पण रिव्हॉल्व्हरचे. विंचेस्टरने एकोणिसाव्या शतकात त्यासाठी तरफेची रायफल काढलीच नाही. १८७३ ची प्रतिकृती तर .३५७ मॅग्नममध्येही मिळते, आणि त्या काडतुसाचा जन्म १९३५ चा! गिऱ्हाइकाची तक्रार नसते. त्याला पडद्यावर पाहिलेली बंदूक हवी असते, आणि पडद्याचा पाठ आधीच भ्रष्ट आहे. ‘स्टेजकोच’ (१९३९) या १८८० च्या सुमारास घडणाऱ्या चित्रपटात जॉन वेनच्या हाती १८९२ ची रायफल आहे, तीही मोठ्या कडीची. आता तशा मोठ्या कडीच्या प्रतिकृतीही विकल्या जातात. म्हणजे ही चित्रपटाची नक्कल झाली, इतिहासाची नव्हे.

येथवर गंमत म्हणून सोडून देता येईल. पण विंचेस्टरने विसाव्या शतकात, सरहद्द मिटून गेल्यावर, या बंदुकीला एक बिरुद चिकटवले : पश्चिम जिंकणारी बंदूक. ते आजही प्रतिकृतींच्या कौतुकात भक्तिभावाने उच्चारले जाते. मला ते खटकते ते २५ जून १८७६ मुळे. त्या दिवशी लिटल बिगहॉर्नच्या काठी कस्टर आणि त्याच्या थेट हुकमाखालचे सुमारे २१० जण मारले गेले. त्या सैनिकांकडे स्प्रिंगफील्डच्या कार्बाइन होत्या. एक बार झाला की हाताने दुसरे काडतूस भरायचे. हेन्री आणि विंचेस्टर होत्या त्या समोरच्या लाकोटा व शायेन योद्ध्यांपैकी कित्येकांच्या हातात. ज्यांनी पश्चिम गमावली त्यांच्या हातात.

हे केवळ ऐकीव नाही. १९८३ मध्ये वणव्याने त्या रणभूमीवरचे गवत जळून गेले आणि पुढच्या दोन वर्षांत डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आदी पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे घेऊन ती जमीन पिंजून काढली. हेन्री आणि १८६६ च्या रायफलींच्या आघातखिळीला दोन टोके असत. पुंगळीच्या काठावर समोरासमोर दोन खळगे उमटत. प्रत्येक बंदुकीचा ठसा किंचित वेगळा, हस्ताक्षरासारखा. पुंगळ्यांवरचे ठसे जुळवत एकेक बंदूक रणभूमीवर कोठून कोठे गेली, याचा माग त्यांना काढता आला. त्या योद्ध्यांचे कथन तोवर पुष्कळांनी बाजूला सारले होते. या पुंगळ्यांनी त्यातल्या बऱ्याच गोष्टींना दुजोरा दिला.

प्रतिकृतीत ही दोन टोके नाहीत. तिच्या पुंगळीवर मधोमध एकच खळगा पडतो.

जुलै १८८१ मध्ये सिटिंग बुल फोर्ट बुफोर्डला शरण आला, तेव्हा त्याने आपली विंचेस्टर स्वतः दिली नाही. ती त्याने आपल्या लहानग्या मुलाच्या, क्रो फूटच्या, हातून अधिकाऱ्याकडे सोपवली.